खुळ्या प्रश्नांची परिषद

सकाळपासून वारा पिसाळला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, पाऊस नाही की ऊन नाही, नुसता पाचोळा उडून प्रयोगशाळेच्या शीतखोलीच्या दारात साचत होता. आत थोरली दोन स्वेटर चढवून, तळ्याच्या तळातून नळीनं उपसलेला गाळ बारीक तारेनं कापत बसली होती. चिखलाचा लांबच लांब दांडा. वरचं टोक कालपरवाचं, खालचं पणजोबांच्या वेळचं. चकती कापायची, डबीत सरकवायची, झाकणावर आकडा घालायचा. शिंक आली तर मान फिरवून शिंकायची, नाहीतर एका शिंकेत पाच-पन्नास वर्षं उडून जायची.

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. शाळेतली विज्ञानाची नोकरी सोडून, भांगात पांढरी बट दिसायला लागल्यावर ती संशोधनाला आली. त्यामुळं प्रयोगशाळेतली बाकीची मंडळी तिच्यापुढं कालची पोरं. आवाज अजून वर्गावरचाच, मागच्या बाकावरच्याला जागेवर उभा करणारा. आई म्हणाली होती, "तुझ्या वयाच्या बायकांची मुलं कॉलेजात जातात, आणि तू स्वतःच निघालीस!" त्यावर थोरलीचं उत्तर, "मुलं नाहीत, मग कोणीतरी जायला नको का?"

हवामानावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद तिनंच सुरू केली. वर्षातून एकदा, दोन दिवस. गाळवाले, ढगवाले, अर्थशास्त्रवाले, वैद्यकीवाले, कोणीही या. नियम मात्र खडूस. भाषण झालं की दुसऱ्या विषयाच्या माणसानं असा प्रश्न विचारायचा, जो विचारायची त्याला लाज वाटते. शहाणा प्रश्न आला की सगळे टेबलं बडवून त्याला खाली बसवायचे. आणि प्राध्यापकांना आत मज्जाव. मास्तर समोर बसलेले असताना खुळा प्रश्न कोणाच्या तोंडून निघायचा?

या नियमाची किंमत तिच्याइतकी कोणी जाणत नव्हतं. पहिल्याच वर्षी इतिहासाच्या एका विद्यार्थ्यानं तिला विचारलं होतं, "ताई, तळ्याच्या वरच्या अंगाला राहत कोण होतं?" त्याला सगळे तेव्हापासून बखर म्हणतात. सगळे हसले, थोरली सगळ्यांत जास्त. जाड थर म्हणजे जास्त पावसाची वर्षं, असं ती धरून चालली होती. शोधायला गेली तर त्याच वर्षांत वर डोंगर फोडून रस्ता काढलेला. पाऊस नव्हे, कुदळ बोलत होती. प्रबंधाची दोन प्रकरणं केराच्या टोपलीत गेली. आणि ती प्रकरणं उभी होती संचालकांच्या जुन्या लेखावर. संचालक म्हणजे तिचेच गाईड.

यंदा परिषदेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"सभागृह देतो. उद्घाटन मी करणार, आणि दोन्ही दिवस बसणार."

"उद्घाटन करा सर. आम्ही टाळ्या वाजवू. मग तुम्ही चहा घेऊन जा."

"माझ्याच संस्थेतून मला जा म्हणतेस?"

"संस्थेतून नाही. खोलीतून."

त्यांनी टेबलावरच्या जाडजूड गठ्ठ्यावर बोट आपटलं. "तुझा प्रबंध सहीला आलाय."

"माहीत आहे. मीच आणून ठेवलाय."

सभागृहाला कुलूप लागलं. मग परिषद भरली होड्यांच्या शेडमध्ये. तळ्यावर न्यायच्या रबरी होड्या भिंतीला उभ्या केल्या, वल्ही कोपऱ्यात सारली, कँटीनच्या खुर्च्या उचलून आणल्या. ओल्या दोरांचा वास काही हलेना.

बखर खुर्च्या मांडता मांडता म्हणाला, "थोरले, नमतं घे गं. पहिल्या रांगेत बसवू त्यांना. जेवणानंतर झोपतील."

"झोपले तरी घोरतील. नवी पोरं घोरण्यालाही दबतात."

"आणि सही?"

"खुर्ची सरळ लाव."

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी ढगांवर काम करणारी, यंदाच दाखल झालेली एक मुलगी बोलायला उभी राहिली. छान बोलली. मग वैद्यकीचा एक जण लाजत, कान खाजवत उठला. "हत्तींच्या कळपाएवढं वजन असतं म्हणालीस ढगात. मग तो पडत कसा नाही?"

शेडमध्ये हशा पिकला. मुलीनंही हसतच तोंड उघडलं, आणि तिची नजर दाराकडं गेली. दारात संचालक उभे होते. मुलीचं हसू मावळलं. घसा खाकरून ती म्हणाली, "सरांनी आपल्या लेखात दाखवून दिल्याप्रमाणे..."

थोरली उठली. सगळ्यांदेखत दारापर्यंत गेली.

"या सर. बसायचं असेल तर नियम सगळ्यांना सारखा. एक प्रश्न विचारा. लाज वाटेल असा."

संचालकांनी होड्यांकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. क्षणभर वाटलं, विचारतील. ओठ हललेही.

"मला असले प्रश्न पडत नाहीत," ते म्हणाले.

"मग इथं तुमचं काम नाही."

"शुद्धीवर आहेस ना? सही विसर."

"विसरले. गाईड बदलून घेते. वर्ष जाईल, गेलं तर गेलं. एवीतेवी उशिराच आलेय मी."

"उद्धट आहेस."

"असेन. पण तुम्ही दारात उभे राहिलात आणि त्या पोरीच्या तोंडातून तिचं बोलणं गेलं, तुमचं आलं. ते मी चालू देणार नाही."

तिनं पत्र्याचं दार ओढलं. खडखडत, अडकत ते लागलं. ती वळली. हात तिनं स्वेटरच्या खिशात कोंबले.

"हं. ढग पडत कसा नाही? लेखातलं नको, तुझं सांग."

मुलीनं हातातले कागद उलटे करून ठेवले. मग म्हणाली, "खरं सांगू? थेंब बारीक असतात आणि खालून हवा वर ढकलते, एवढं येतं मला. पण ती हवा दमत कशी नाही, ते मला कधीच नीट कळलेलं नाही."

"आता कशी बोललीस!" बखर ओरडला, आणि तिघं-चौघं एकदमच बोलायला लागले. अर्थशास्त्रवाला तर खडू घेऊन होडीवरच आकृती काढायला लागला.

संध्याकाळी मंडळी पांगल्यावर आईचा फोन आला.

"झाली का गं सही?"

"नाही. यंदा नाही होत. सरांना बाहेर काढलं मी."

"ओरडून काढलंस की नीट?"

"नीट."

"नीट काढलं असेल तर परत येणार नाहीत ते," आई म्हणाली. "आणखी एक वर्ष म्हणजे... बरं. बघू."

कँटीनवाला शेडच्या दारातून हाका मारत होता. "ओ थोरल्या बाई! जेवायची वेळ झाली, गिऱ्हाइकं काय उभ्यानं खातील?"

"आले, आले! तुमच्या खुर्च्या काय पळून जातायत?" म्हणत तिनं फोन खिशात टाकला, दोन्ही काखोट्यांना एकेक खुर्ची मारली आणि चालू लागली.