हजेरीतला ‘हाय’

परवा लातूरला माझ्या जपानीच्या नव्या बॅचचा पहिला दिवस होता. नांदेडहून पहाटेच्या एसटीने आले. डोळ्यांत झोप, रस्त्याकडेला टँकरची वाट बघणाऱ्या घागरी, हवेत डाळमिलचा कोंडा... सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं.

क्लासआधी एक मुलगी दारात आली. इंजिनिअरिंगची, नव्या जिल्ह्याची आस लावून बसलेल्या उदगीरकडची. "मॅडम, माझं नाव काढून टाका. बोलायची परीक्षा असती म्हणं. मला न्हाई जमायचं."

खोदून विचारलं तेव्हा कळलं... कॉलेजात इंग्लिशमधून सेमिनार देताना तिच्या तोंडून मध्येच "आसं हाय" निघालं होतं. वर्ग असा हसला की त्या दिवसापासून तिचं नावच ‘हाय’ पडलं. मग तिने वर्गात तोंड उघडणंच सोडलं. मी म्हटलं, आजचा तास बस, मग ठरव. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली; पुढच्या बाकांवर तिच्याच कॉलेजातली, तिला चिडवणारी पोरं होती.

इंग्लिश फाडफाड बोलता, मग जपानी कशाला? मी सगळ्यांना विचारलं. पॅकेज, व्हिसा, ॲनिमे... एकाला तर नुसता बर्फ बघायचा होता. टँकरच्या गावात बर्फ! मीही क्षणभर त्याच्याबरोबर तिकडे फिरून आले.

त्याच तंद्रीत हजेरी काढली आणि सवयीने बोलून गेले, "जपानीत ‘हो’ला ‘हाय’ म्हणतात. नाव घेतलं की जोरात ‘हाय’ म्हणायचं."

आणि जीभ चावली. सगळ्या माना मागे वळल्या, खसखस पिकली. पोरीला वाटलं, मॅडमसुद्धा टिंगल करतायत... तिने बॅग उचलली.

मी घाईघाईने मोबाइलवर धड्याचा ऑडिओ लावला. टोकियोतला एक दुकानदार गिऱ्हाइकाच्या प्रत्येक वाक्याला अदबीने म्हणत होता, "हाय... हाय... हाय." हसणं हळूहळू विरलं. ती बॅग मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

मग मी एकेक नाव घेत गेले. तिला चिडवणारी पोरंही ‘हाय’ म्हणाली. कुणाचं नाकातून, कुणाचं हॅलो म्हटल्यासारखं लांबलचक. शेवटी तिचं नाव घेतलं.

"हाय!"

बांधावरून हाक मारावी तसं... खणखणीत.

"हे बरोबर," मी म्हटलं. "सगळ्यांनी हिच्यासारखं म्हणा." आणि अख्खा वर्ग तिच्यासारखं म्हणाला!

जाताना मी विचारलं, नाव काढायचं का?

"न्हाई मॅडम, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लई दिवसांनी वर्गात माझं उत्तर बरोबर आलं."

परकी भाषा का शिकायची, यावर मी आजवर खूप भाषणं ठोकली आहेत... करिअर, संधी, जग. पण आपल्या घरातलाच शब्द बिनधास्त म्हणता यावा म्हणून कुणाला जपानपर्यंत जावं लागतं, हे मात्र परवाच कळलं. थँक्यू गं पोरी.