दाशी कशाची?

आमच्या व्हेजिटेरियन सूपमध्ये मासा आहे, असं दुकानांच्या एका चेनच्या बायरने सकाळीच फोन करून सांगितलं. दुपारपर्यंत आमचा प्लँट मॅनेजर ग्रेग रीकॉलबद्दल बोलू लागला. रीकॉल म्हणजे दुकानांतला सगळा माल परत मागवायचा आणि हे खाऊ नका, असं जाहीर करायचं.

मी तेव्हा टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या एका फ्रोझन फूड कंपनीत क्वालिटी मॅनेजर होते. सूपच्या पाकिटावर 'दाशी पावडर' असं छापलेलं होतं. बायरने इंटरनेटवर दाशीचा अर्थ शोधला, तर उत्तर आलं, माशाचा स्टॉक. माशाची अॅलर्जी असलेल्या कुणी हे खाल्लं तर जिवावर बेतू शकतं. जपानच्या सप्लायरने माल शाकाहारी आहे असं कळवलं होतं. पण त्यांच्या लेखी शाकाहारी म्हणजे नुसतं 'मटण-चिकन नाही' एवढंच असेल तर?

त्यात नागपूरहून सासूबाई आमच्याकडे रिचमंड हिलला आलेल्या. अंडंसुद्धा न खाणाऱ्या. थंडीचं बरं वाटतं म्हणून मी त्यांना रोज हेच सूप देत होते.

सूपची रेसिपी ठरवताना आम्ही मिसेस ओकाबेंचा सल्ला घेतला होता. त्या टोरांटोत जपानी स्वयंपाकाचे क्लास घ्यायच्या. मी फोन केला, तशा त्या लगेच ऑफिसात आल्या.

"दाशी म्हणजे मासा नव्हे," त्या म्हणाल्या. "दासु म्हणजे बाहेर काढणं. जुना शब्द निदाशिजिरु, म्हणजे उकळून अर्क काढलेलं पाणी. बोलता बोलता त्याचं दाशी झालं."

"आमच्याकडे काढा म्हणतात," मी म्हणाले. "तोही उकळून अर्क काढूनच करतात."

"तुमचा काढा कशाचा असतो?"

"ज्याचा करू त्याचा. आल्याचा, तुळशीचा."

"मग दाशीचंही तसंच."

बहुतेक घरांत दाशीला बोनिटो नावाच्या सुकवलेल्या माशाचा कीस वापरतात, असं त्यांनी सांगितलं. पण बौद्ध मठांत ती नुसत्या कोम्बूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, नाहीतर सुक्या शिताके मश्रूमची करतात. आमची यातली कुठली, ते सप्लायरच सांगू शकणार होता.

इथली संध्याकाळ म्हणजे जपानची सकाळ. तिकडचं ऑफिस उघडताच ओकाबेबाईंनी फोन लावला. त्या बराच वेळ जपानीत बोलत होत्या. ग्रेग आणि मी नुसते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो. शेवटी त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"कोम्बू आणि शिताके. माशाचा माल त्यांच्या दुसऱ्या कारखान्यात होतो."

ग्रेगला तिथेच विषय मिटवायचा होता. पण लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत विक्री थांबवायची, असा मी हट्ट धरला. कुरकुरत का होईना, त्याने ऐकलं. रिपोर्ट आला, त्यात माशाचा अंशही नव्हता. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि त्या संध्याकाळी सासूबाईंना पुन्हा तेच सूप दिलं.

नव्या लेबलवर आम्ही दाशीपुढे कोम्बू आणि शिताके छापायचं ठरवलं. इथे लेबल इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत लागतं; फ्रेंच मजकूर ब्रॉसार्डचा एक ट्रान्सलेटर करायचा. त्याचं प्रूफ आलं. वाचकांना कळावं म्हणून त्याने दाशीचं आपणहून भाषांतर केलं होतं, 'माशाचा रस्सा'. छापायला जाण्याआधी ते हाती लागलं, हे नशीब. तेव्हापासून लेबलवर पदार्थाचं नुसतं नाव मी कधी पास केलं नाही. तो कशाचा केलाय ते लिहून घेते, आणि दोन्ही भाषांत स्वतः वाचते.