साहेबरावांच्या पेन्सिलीतल्या नोंदी

नाव साहेबराव, आणि माणूस साहेबाच्या सावलीलाही घाबरणारा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. अधीक्षकांच्या खोलीत जायचं असेल तर आधी शिपायाला आत पाठवून हवा कशी आहे ते विचारून घेतात. पाणी प्यायला उठले तरी टेबलाच्या खणाला कुलूप लावतात. पुण्याच्या नंबरवरून फोन आला की तो वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात. मी शेजारच्या खिडकीत औषधं देते. बारा वर्षं आमच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे, आणि बारा वर्षं मी त्यांच्या भित्रेपणाला हसत आले आहे.

आमचं सरकारी रुग्णालय भीमेच्या अलीकडे, दौंड तालुक्यात. पलीकडून शिरूरचेही पेशंट येतात. साहेबरावांचं काम नोंदीचं. डॉक्टर कागदावर इंग्रजीत काय ते खरडतात, साहेबराव ते वाचून आजाराचं नाव यादीतून निवडतात. यादी वरून आलेली, सगळ्यांना एकच. पूर्वी ती छापील होती, टेबलाच्या काचेखाली ठेवलेली. आता संगणकात आहे. मनानं शब्द लिहायची सोय नाही, यादीतलाच एक उचलायचा. सर्पदंश आहे, विंचूदंश आहे, कुत्र्याचा चावासुद्धा आहे. विषाचे मात्र दोनच: अन्नातून विषबाधा, आणि विषप्राशन.

आता आमच्याकडे विष अंगात कसं जातं? सकाळी फवारा मारलेल्या शेतात दुपारी बाई अनवाणी शिरते, ओल्या झाडांतून कमरेएवढी भिजते, संध्याकाळपर्यंत तोंडाला फेस येतो. ती काही खात नाही, काही पीत नाही. पण यादीला ते माहीत नाही. मग साहेबराव काय करणार? विषप्राशन. तोच शब्द पोलिसांच्या कागदावर जातो, तोच डिस्चार्ज कार्डावर छापून येतो.

गेल्या दिवाळीच्या आधी राहू गावची तेजश्री आली. चोवीस वर्षांची, शेवंती तोडताना पडलेली. नवरा विश्वजीत गाडीतून आणताना रडत होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, हातपाय उडत होते. इंजेक्शनं मीच काढून दिली. चार दिवसांनी ती बोलायला लागली, सातव्या दिवशी घरी गेली. आम्ही हुश्श केलं.

पंधरा दिवसांनी ती साहेबरावांच्या खिडकीशी उभी होती. अंगावर शाल, आवाज खोल गेलेला.

"काका, माझ्या कार्डावर काय लिवलंय ते वाचा."

साहेबरावांनी वाचलं नाही. त्यांना पाठ होतं.

"मी पिले न्हाई, काका. आन् माझी पोरगी मला द्यायला तयार न्हाईत."

पोरगी म्हणजे राजनंदिनी, नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. कार्ड बघितल्यावर तेजश्रीचे वडील केंदूरहून वीस माणसं घेऊन राहूला गेले, माझ्या पोरीनं औषध पिण्यासारखं तुम्ही काय केलं म्हणून. भांडण झालं, ते तिला घेऊन केंदूरला गेले. पण सासूनं, तुळजाबाईनं, नात सोडली नाही. तिला भांडगावला लेकीकडे नेऊन ठेवली. तुळजाबाईला मी ओळखते, ती दुष्ट नाही. ती भ्याली होती. आज स्वतः पिली, उद्या दुधातनं पोरीला पाजंल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि ज्या विश्वजीतनं बायको शेवंतीत पडलेली डोळ्यांनी बघितली, तोही म्हणायला लागला, "मी काय तिच्या तोंडाकडं बघत व्हतो का? कॉम्प्युटर खोटं सांगंल व्हय?" अधीक्षकांनी साधं पत्र दिलं, तर गावात म्हणाले, चिठ्ठी काय कुणीबी देतंय.

नोंद चोवीस तासांनी बंद होते, मग ती बदलता येत नाही. एकच वाट होती. वरच्या यादीत नवा शब्द घाला, असा प्रस्ताव पाठवायचा. तो मान्य झाला तर जुन्या नोंदी त्या शब्दाखाली आणता येतात. आरोग्य खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाचा तसा एक अर्ज आहे. मी तो छापून साहेबरावांपुढे ठेवला. सुचवलेली संज्ञा, तिची व्याख्या, आत्ताची संज्ञा का पुरत नाही, आणि पुराव्यादाखल किमान दहा नोंदी, क्रमांकासह. खाली प्रस्ताव देणाऱ्याचं नाव आणि सही.

त्यांनी अर्ज खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

"भाऊसाहेब, अर्ज लोणच्यासारखा मुरवायचा नसतो," मी म्हणाले.

"दहा केसेस कुठनं आणू, ताई?"

हे खोटं होतं, पण मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेजश्री दर सोमवारी यायची. केंदूरहून दोन गाड्या बदलून. "आला का शब्द?" एवढंच विचारायची. साहेबराव मान हलवायचे. नोव्हेंबर संपत आला तेव्हा ती आली आणि काहीच विचारलं नाही. खिडकीचा गज धरून म्हणाली, "काका, दूध आटलं."

ती गेल्यावर साहेबरावांनी खिडकी लावली. ऐन गर्दीच्या वेळी. आणि चार जुनी रजिस्टरं आणि एक शाळेची वही घेऊन माझ्या बाजूला आले.

मी रजिस्टर उघडलं. शाईनं लिहिलेल्या काही विषप्राशनांच्या कडेला, समासात, पेन्सिलीनं बारीक अक्षरांत काहीतरी होतं. "कांद्याच्या रानात पडली, भाऊ सांगतो." "पंप पाठीवर गळला, पिला नाही." "वांगी तोडताना. पोटात काही नाही म्हणतात." पान उलटावं तसं एकेक निघत होतं. संगणक आल्यावर समास गेला, म्हणून वही. तेजश्रीही त्यात होती: "शेवंतीत पडली, पती सांगतो."

"हे काय आहे?"

"शाई सरकारची, ताई. पेन्सिल माझी." ते दाराकडे बघत हळू बोलत होते. "उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडं असावं. पेन्सिल काय, खोडताबी येती."

एकतीस. भित्र्या माणसानं अंगावर काही येऊ नये म्हणून लिहिलेल्या एकतीस नोंदी. मला तर हसूच आलं. म्हटलं, भाऊसाहेब, तुम्ही सोन्याच्या हंड्यावर बसून भीक मागताय. आजच्या आज पाठवू.

त्यांनी चौथ्या नोंदीवर बोट ठेवलं.

अकरा वर्षांपूर्वीची नोंद. सुषमा, वय बावीस. मृत. विषप्राशन. आणि कडेला पेन्सिलीत: "उसाला फवारा मारलेला, त्यात खुरपत होती. पिली नाही. पती म्हाळू."

सुषमा ही बानूबाईची सून. बानूबाईला तुम्ही आमच्या आवारात दर महिन्याला बघाल, हिरवं लुगडं, हातात काठी, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येते. पूर्वी मेंढरंही होती, आता नुसतं चार एकर रान. सुषमा गेली, कागदावर विषप्राशन आलं, सुषमाच्या आईनं फिर्याद दिली, आणि बानूबाई आणि म्हाळू दोघं आत गेले. व्हिसेऱ्याचा, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल यायला जवळजवळ वर्ष लागलं. पोटात काही सापडलं नाही म्हणून सुटले, पण तोवर तुरुंगात अकरा महिने झाले होते. मेंढरं लोकांनी वाटून घेतली. गाव अजून म्हणतं, सुनेला खाल्ली.

"हे पाठवलं तर तिला कळंल," साहेबराव म्हणाले. "मला त्याच दिवशी ठावं व्हतं हे कळंल. दर म्हयन्याला ती माझ्यापुढं येती, ताई. भाऊ म्हणती. अकरा वर्षं."

"मग ही एक नोंद सोडा. तीस पुरेत."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "एक सोडली तर तीसबी खोट्या वाटतील." मला वाटलं नव्हतं असं काही त्यांच्या तोंडून निघेल.

अर्ज मी टंकला. 'फवारलेल्या पिकाच्या संपर्कातून विषबाधा.' व्याख्या आम्ही नऊ वेळा लिहिली. पाठवायची कळ दाबायच्या आधी त्यांनी बोट पँटला पुसलं, देवाचं नाव घेतलं, आणि मग दाबली.

त्यानंतरचे चार महिने त्यांनी कसे काढले ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद व्हायचा. पुण्याहून फोन आला. या वेळी त्यांनी उचलला. पलीकडचे साहेब चढ्या आवाजात विचारत होते, तुम्हाला माहीत होतं तर चुकीची संज्ञा निवडलीच का? साहेबराव उभे राहून म्हणाले, "यादीत दुसरी नव्हती, साहेब." मग खुलासा मागणारी नोटीस आली. वर्षभरावर निवृत्ती आलेली. मी चेष्टा करणं बंद केलं होतं, कारण आता मलाही भीती वाटायला लागली होती. तेजश्री सोमवारी यायची, जायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात यादी नवी झाली. विषप्राशनाच्या खाली आणखी एक ओळ. साहेबरावांनी मला हाक मारली तीसुद्धा कुजबुजून, मोठ्यानं बोललं तर ती ओळ नाहीशी होईल म्हणून.

तेजश्रीचं कार्ड नव्यानं छापलं. विश्वजीतला बोलावून हातात दिलं. तो दोनदा वाचून खाली बसला. तुळजाबाई दुसऱ्या दिवशी स्वतः नातीला घेऊन केंदूरला गेली. म्हणे पोरगी आधी आईकडे गेलीच नाही, अनोळखी म्हणून रडली. मग झोपेत तिनं आईचा पदर धरला, तो सकाळपर्यंत सोडला नाही. तेजश्रीनं हे खिडकीशी येऊन सांगितलं आणि साहेबरावांसाठी केंदूरच्या घरचे शेंगदाण्याचे लाडू ठेवून गेली. साहेबरावांनी डबा उघडला नाही. कारण मंजुरीच्या पत्रात खाली आणखी एक ओळ होती: एकतीसही नोंदी दुरुस्त करून रुग्णास अथवा नातेवाइकास समक्ष वाचून दाखवाव्यात, सही अथवा अंगठा घ्यावा.

बानूबाई महिनाअखेरीस गोळ्यांना आली. साहेबरावांनी तिला आत खुर्ची दिली. मग कागद वाचला. सुषमा, वय बावीस, फवारलेल्या पिकाच्या संपर्कातून विषबाधा.

"मला म्हाईतच हाय ते," बानूबाई म्हणाली. "तुम्हाला कवा कळलं, भाऊ?"

खोटं बोलता आलं असतं. आता कळलं, पुण्याहून आलं, असं काहीही. मी भिंतीपलीकडे ऐकत उभी होते.

"त्याच दिवशी, बाई."

काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"मंग बोलला का न्हाई?"

"भ्यालो."

"मीबी भ्यालेच व्हते की," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "चौकीत म्हणायचे, सून पिली म्हण, लवकर सुटशील. न्हाई म्हणाले मी. अकरा म्हयने."

तिनं अंगठा कुठं लावायचा ते विचारलं, लावला, आणि काठी घेऊन निघाली. गोळ्या माझ्या खिडकीत तशाच राहिल्या. साहेबरावांनी त्या उचलल्या आणि तिच्यामागे धावले. खण उघडाच होता. फाटकाशी त्यांनी तिला गाठलं. ती काहीतरी बोलली, गोळ्या घेतल्या आणि गेली. ते उन्हात तसेच उभे राहिले.

परत आल्यावर मला म्हणाले, "म्हणाली, मला वाचून दावलं ना, तसंच जाऊन सुषमाच्या आईला वाचून दावा." मग थोड्या वेळानं, "रविवारी जायचं म्हणतो. ती बाई काय करंल, काय न्हाई. ताई, तुम्ही येता का संगं?"

मी लगेच हो म्हणू शकले नाही. सुषमाला आणलं त्या दिवशी इंजेक्शनं मीच काढून देत होते. म्हाळू माझ्या खिडकीचे गज धरून ओरडत होता, पिली न्हाई, मॅडम, उसात पडली, पिली न्हाई. पोलीस आले तेव्हा मी काउंटर आवरत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. साहेबरावांनी निदान पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी नऊच्या गाडीनं आम्ही दोघं जाणार आहोत.