तबकडीखालचे चार वेढे

पडदा वर जातो तेव्हा समोर वाचनालयाचा वरचा मजला आहे. रविवारची सकाळ. तीस लोखंडी खुर्च्या, खिडकीपाशी रेकॉर्डींचं कपाट, मधोमध टेबलावर रेकॉर्डप्लेअर. आणि कोपऱ्यात एक किडकिडीत गृहस्थ, पियानोचे सूर लावता लावता बोटं वाकडी झालेले. सगळे त्यांना खुंटीमामा म्हणतात. हे नाव मंडळाच्या अध्यक्षांनी पाडलेलं.

मंडळाचा रिवाज साधा. बरोक काळातली, म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची, आपली एक लाडकी रचना आणायची, सगळ्यांना ऐकवायची आणि ती का आवडते ते चार वाक्यांत सांगायचं. अकरा वर्षांपूर्वी मामांची पाळी आली, तेव्हा त्यांनी एक विलाप आणला. खाली चारच सुरांची उतरण पुन्हा पुन्हा फिरते आणि वर व्हायोलिन रडतं. रेकॉर्ड संपली. मामा उभे राहिले, घसा खाकरला.

“थकलेला माणूस जिना उतरतोय असं मला वाटतं. दर पायरीला थांबतो, पण—”

“मामा,” अध्यक्ष हसत म्हणाले, “तुम्ही खुंट्या पिळा. अर्थाचं आम्ही बघतो.”

सगळी खोली हसली. मामाही हसले. असं हसू किती महाग पडतं, ते चारचौघांत उभं राहिलेल्यालाच कळतं. पुढच्या महिन्यात अध्यक्षांनी तीच रेकॉर्ड ‘माझा शोध’ म्हणून वाजवली.

रेकॉर्डप्लेअरची निगा मामांकडे होती. त्याच दुपारी त्यांनी रेकॉर्डखालची फिरती तबकडी उचलली आणि मोटरच्या ज्या चिमुकल्या चाकावरून पट्टा फिरतो, त्याला चिकटपट्टीचे चार वेढे दिले. चाक जाड झालं, तबकडी जलद फिरू लागली, आणि प्रत्येक रचना अर्धा स्वर चढली. आठवड्याभरात जाणकार कान टवकारतील, अध्यक्षांची फजिती होईल, एवढाच बेत होता.

कुणाच्याही लक्षात आलं नाही! उलट अध्यक्षांना त्या विलापात ‘उमेद’ सापडली, ‘ताठ मान’ सापडली. त्यावर त्यांनी पुस्तिकाही छापली. मामा दर रविवारी, घासात खडा लागावा तसे दात आवळून ऐकायचे. खडा त्यांनीच टाकलेला.

“अहो, सोडा आता,” बायको म्हणायची. “अकरा वर्षं टिकला तर त्याला सूड नाही, संसार म्हणतात.”

“संसारात निदान भांडता तरी येतं.”

“आणि बाकीच्यांनी काय पाप केलं? त्यांच्याही आवडीच्या रचना नासवल्यात की तुम्ही!”

“तेही हसले होते,” मामा म्हणायचे आणि ताटाकडे वळायचे.

मग अध्यक्षांचा सत्कार ठरला. जुन्या धाटणीची वाद्यं वाजवणारे चार वादक बोलावले. त्यांचं हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोचा आजोबा, मामांनीच लावलं. जुन्या प्रथेप्रमाणे आजच्या पियानोहून अर्धा स्वर खाली. ती रेकॉर्डही मुळात त्याच सुरात वाजवलेली होती.

अध्यक्षांनी आधी रेकॉर्ड ऐकवली, उमेद समजावून सांगितली. मग वादकांनी तीच रचना सुरू केली. दहा-बारा सूर झाले नसतील, तोच अध्यक्षांचा हात वर गेला.

“थांबा, थांबा! सूर उतरलाय. काय खुंटीमामा, कान घरी ठेवून आलात?”

खोली हसली. अगदी तेच हसू.

मामा उठले. या प्रवेशाची तालीम त्यांनी मनात शेकडो वेळा केली होती, त्यामुळे पाऊल कुठे अडखळलं नाही. टेबलाशी जाऊन त्यांनी तबकडी उचलली, चाकावरची काळीकुट्ट, चिकट पट्टी नखानं सोलून काढली, तबकडी परत बसवली, रेकॉर्ड ठेवली.

“बाई, पहिला सूर द्या,” ते हार्पसिकॉर्डवालीला म्हणाले, आणि सुई टेकवली.

दोन्ही सूर पाण्यात पाणी मिसळावं तसे एक झाले. आणि अकरा वर्षांनी तो थकलेला माणूस पुन्हा जिना उतरू लागला, एकेका पायरीला थांबत.

रेकॉर्ड संपली. पुढच्या रांगेतल्या एकानं हातातली पुस्तिका हळूच मांडीखाली सरकवली. ते अध्यक्षांनी पाहिलं.

“हे... हे कुणी केलं?”

मामांनी चिकटपट्टीची गुंडाळी त्यांच्यासमोर ठेवली.

“मी केलं, साहेब. तुम्हाला कधी ऐकू येतं, याची अकरा वर्षं वाट बघत होतो.”