काकांनी बसवलेली टिप

त्या दिवशी माझ्या क्यूची टिप निघाली नव्हती, मी ती काढली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

टिप म्हणजे क्यूच्या, स्नूकर खेळायच्या काठीच्या, टोकावरची चामड्याची टिकली. चेंडूला लागते ती तेवढीच. नवी बसवली की खेळून खेळून मुरवावी लागते, तोवर चेंडू ऐकत नाही. भिंगारच्या आमच्या क्लबात सगळ्यांच्या टिपा एकटे काकाच बसवायचे; सगळा क्लब त्यांना काकाच म्हणायचा. दिवसा लष्कराच्या डेपोत नोकरी, संध्याकाळी स्नूकर. मला खेळ त्यांनीच शिकवला. टिप बसवून झाली की क्यू हातात देत म्हणायचे, "घे. आता हारलास तर तुझ्या कर्मानं."

राज्य स्पर्धेतल्या माझ्या पहिल्या सामन्याला आम्ही दोघं एसटीनं पुण्याला गेलो. मी कॉलेजात होतो. काही दिवसांपासून माझा हात अडकत होता. क्यू मागे जाई, पुढे येईना. काकांना मी हे कळू दिलं नव्हतं. हॉलमध्ये माझा प्रतिस्पर्धी सराव करत होता. चेंडू पॉकेटात पडल्याचा तो मऊ आवाज आला की मी मनात मोजायचो, आणखी एक. शेवटी क्यू घेऊन बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि नेलकटरच्या पात्यानं टिप उचकटली. निघता निघेना, इतकी पक्की बसली होती. जोर लावताना पातं घसरलं आणि टोकाच्या पितळी टोपीवर चरा उमटला.

"काका, टिप निघाली."

त्यांनी क्यू घेतला, टोकावरून अंगठा फिरवला. चऱ्यापाशी अंगठा थांबला. मला वाटलं, संपलं सगळं.

"माझाच गोंद कमी पडला असंल रे," ते म्हणाले. "बसवताना घाई केली मी."

घाई केली नव्हती. बसवताना मी समोरच होतो.

उसन्या क्यूनं खेळलो. हात एकदाही अडकला नाही, कारण आता हरलो तरी ते हरणं माझं नव्हतं. हरलोच. लोक हळहळले.

क्लबात पोरांना विषय मिळाला. "काका, गोंद लावला व्हता का लाळ?" काकाही हसले. पण त्यानंतर कुणी क्यू पुढे केला की म्हणायचे, "पुण्याला नेऊन बसव बाबा. माझा हात गेला." त्यांनी पुन्हा कुणाची टिप बसवली नाही. मीही माझी पुण्यालाच बसवून घ्यायला लागलो. पुढच्या वर्षी जिंकलो, मग व्यावसायिक झालो. त्यांचा हात गेला नव्हता, हे ठाऊक असलेला मी एकटाच, आणि मीच गप्प.

काका आता निवृत्त आहेत. अजून माझ्या प्रत्येक सामन्याआधी त्यांचा फोन येतो. "टिप बघून घेतली का रे? नीट बघ." मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं की मी लगेच उचलत नाही. आज विचारतील, तो चरा कशाचा होता? ते विचारत नाहीत. त्यांनी तेव्हाच ओळखलं असेल, की खरोखर स्वतःलाच दोष देत राहिले असतील? दोन्हींचं मला सारखंच भय वाटतं.

टिप त्यांनी पक्की बसवली होती, हे मी त्यांना सांगणं लागतो. फोनवर नाही, भिंगारला त्यांच्या समोर बसून. अजून सांगितलेलं नाही.