आईचं अर्धं वाक्य

पडद्यावर माझ्या आईचं वाक्य होतं आणि त्याखाली सरांचं नाव.

महाडच्या एका सभागृहात सरांचा सत्कार चालला होता. सर पुण्याचे, मानसशास्त्रातले नावाजलेले संशोधक, माझे पीएचडीचे गाईड. दरडीनंतर मागे उरलेल्या माणसांच्या दुःखावर त्यांनी लिहिलेल्या लेखाचा आधार जगभरचे अभ्यासक घेतात, असं निवेदक सांगत होते. सरांचा एच-इंडेक्सही, म्हणजे त्यांच्या लेखांचा आधार किती घेतला गेला त्याचा आकडा, त्यांनी वाचून दाखवला. माझ्या मागच्या रांगेतले एक प्राध्यापक शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "साखरेसारखं असतं का हो हे? वाढलं की पथ्य?" दोघं हसले.

मग सरांनी मला उभं केलं.

"ही आमची वाटाड्या. हिच्यामुळे त्या वस्तीत शिरता आलं. अनुभव यांच्याकडे असतो. विश्लेषण आपल्याला करावं लागतं."

टाळ्या पडल्या. मी हात जोडले. सवयीनं. खाली बसले.

'यांच्या'त मी होते, आई होती, पोलादपूरच्या डोंगरातली आमची बौद्धवाडी होती. सगळ्या मुलाखती मी घेतल्या होत्या. ऐकून ऐकून लिहून काढल्या होत्या. अर्थही लावला होता. सर खाली रस्त्यावर गाडीत बसून राहत. चढण झेपत नाही म्हणत. छापलेल्या लेखात माझं नाव शेवटी आलं, आभारांत. ड्रायव्हरच्या नावाशेजारी.

तेही गिळलं असतं. पण ते वाक्य.

आमच्याकडे दिवेलागणीला वाडीच्या कडेला उभं राहून हाक मारतात. गुरांना, शेळ्यांना, आणि घरी न परतलेल्या माणसाला, नावानं. दादा दरडीखाली गेला. सापडला. आम्ही त्याला अग्नी दिला. त्यानंतरही आई रोज कडेला जायची. मी रेकॉर्डर घेऊन तिच्यासमोर बसले तेव्हा ती म्हणाली, "गो, तो मेलाय ह्ये म्हाईत हाय मला. पन हाक थांबवली तर त्याला वाटंल, घरात कोन नाय."

सरांनी पहिलं वाक्य कापलं. उरलेल्याखाली लिहिलं की ही ग्रामीण स्त्री मुलाचा मृत्यू स्वीकारू शकलेली नाही, हे आजाराचं लक्षण आहे. मी तेव्हाच बोलले होते. ते म्हणाले, पहिल्या वाक्यानं निष्कर्ष पातळ होतो.

पुढे आईही गेली.

त्या लेखाचा कुठे उल्लेख झाला की माझ्या फोनवर सूचना येते. सुरुवातीला मीच हौसेनं ती सोय लावली होती. आता फोन वाजला की तो उघडावासा वाटत नाही. मी न पाहिलेल्या कुठल्या तरी देशात कुणीतरी आईला पुन्हा आजारी ठरवलेलं असतं. वाचताना तिचा आवाज ऐकू येतो. तो मधूनच सुरू होतो. आधीचं ती बोलते आहे, ओठ हलताना दिसतात, पण आवाज नसतो.

सत्कारानंतर चहाच्या वेळी सर जवळ आले. आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाड्यांवर नवं काम घ्यायचं आहे, या वेळी लेखावर दुसरं नाव माझं असेल, असं म्हणाले. याच शब्दांची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

"सर, आधी तो लेख दुरुस्त करा," मी म्हणाले. "आणि आभारांतून माझं नाव काढा."

ते हसले. "अगं, इतकं भावनिक होऊन चालत नाही. तुझा प्रबंध माझ्या सहीवर अडलाय, विसरू नकोस."

"नाही विसरले."

कप तिथेच ठेवून मी बाहेर पडले. चवदार तळ्याच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिले. भीती वाटत होती. दुसरं काही नाही.

सरांचा लेख छापणाऱ्या जर्नलला मी आईच्या मुलाखतीचा पूर्ण मजकूर पाठवला आहे. उत्तर नाही. सरांची सहीही नाही.

मी माझा लेख लिहिते आहे. मराठीत. छापण्याआधी तो वाडीत मोठ्यानं वाचणार. "मी असं नाय बोललो" असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य जाईल, मग माझा निष्कर्ष कोसळला तरी बेहत्तर. त्यात आई 'एक ग्रामीण स्त्री' नसेल. तिचं नाव असेल, माझ्या नावाच्या आधी.

त्याचा आधार कुणी घेतला नाही तरी चालेल. पण सरांच्या लेखाचा आधार जो जो घेईल, त्याला मी लिहिणार. प्रत्येकाला. तुम्ही जिला आजारी म्हणालात तिला सगळं ठाऊक होतं. तुमचं विधान मागे घ्या.