विहिरीच्या पाण्यातलं ताक

पुण्याजवळच्या धायरीत गेनबांनी तीन एकर बिल्डरला दिले, तेव्हा त्यांच्या बायकोने, तुळजाबाईंनी, एकच अट घातली: विहीर द्यायची नाही. बाकी गोठा गेला, वाफे गेले, बांधावरची सीताफळं गेली, आणि तिथे चार इमारती उभ्या राहिल्या. विहिरीपासून वीस पावलांवर बिल्डरने मैल्याची टाकी पुरली, आणि सोसायटीचं नाव ठेवलं 'निर्मळ'. लाज कशाशी खातात, ते त्याला कुणी शिकवलं नसावं.

बाईंच्या हाताला चव होती, त्यांनी घरीच खाणावळ काढली. आयटीतली, घरापासून लांब आलेली विदर्भाकडची पोरं त्यांच्या खाणावळीत जेवायला लागली. भाजी-आमटी नळाच्या पाण्यात व्हायची, पण ताक मात्र विहिरीच्याच पाण्यात घुसळायचं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ताकाची चव मरते, हे त्यांचं ठाम मत. आरोग्य खात्याचा माणूस विहिरीत टाकायला जंतू मारायची टीसीएल पावडर घेऊन आला, त्याला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं.

"आमच्या चार पिढ्या ह्याच पाण्यावर जगल्यात. तुमची पावडर तुमच्या माठात टाका."

पोरं खदखदून हसली. बाईंना तेवढंच हवं होतं.

मे महिन्यात त्यातल्या अकरा जणांना जुलाब लागले. "गाड्यावरचं चायनीज हादडायचं आन् नाव माझ्या खाणावळीचं घ्यायचं," बाई फणकारल्या. त्याच आठवड्यात त्यांची नात संस्कृती आजारी पडली. पाच वर्षांची पोर, आजीच्या मांडीवर बसल्याशिवाय न जेवणारी. सून रुपाली म्हणाली, "आई, दवाखान्यात नेऊ या."

"काही नको. जुलाबावर ताकासारखं औषध न्हाई."

दिवसाला चार-चार वाट्या ताक पाजलं. तेच ताक, त्याच पाण्यातलं. जुलाबातून रक्त पडलं, तर बाई म्हणाल्या, उष्णता हाय. आणि पाचव्या दिवशी जुलाब थांबले तेव्हा त्यांनी सुनेकडे असं बघितलं, की आता बोल. रुपाली बोललीच. पोरीला कालपासून लघवी झाली नव्हती, आणि तिचे डोळे सुजून बारीक झाले होते.

"पोटात गेलेल्या जंतूंच्या विषाने रक्तातल्या पेशी फुटल्यात, मूत्रपिंडं बंद पडलीत," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "काय दिलं होतं हिला?"

"ताक," रुपाली म्हणाली. सासूकडे तिने बघितलंही नाही.

विहिरीच्या पाण्यात मैला सापडला. पोरं बरी होऊन दुसऱ्या खाणावळीत गेली. संस्कृतीची मूत्रपिंडं मात्र सुरू झालीच नाहीत. वर्षभर आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाललं. एवढीशी पोर, पाणीसुद्धा मोजून प्यायची, आणि ते बघून बाईंचं काळीज तुटायचं.

शेवटी मूत्रपिंड बदलायचं ठरलं. तपासण्यांत आजीचं जुळलं, आईचंही जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आजींचं घेऊ. धाकटं बाळ अंगावर पितंय, आईला ऑपरेशन नको." बाईंना फार आनंद झाला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना आपला काही उपयोग आहे असं वाटलं.

"माझंच घ्या," रुपाली शांतपणे म्हणाली. "यांच्याकडचं आता काही तिच्या अंगात जायला नको."

तुळजाबाई उठल्या.

"खरं हाय तिचं," त्या म्हणाल्या, आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.